दोन्हीकडचे रहिवासी

विनिपेग, कॅनडा
१८ फेब्रुवारी २०२४

सर,

जय भीम.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे बरे आहेत. काल फोनवर बोललोच आपण, पण ते काय बोलणं! प्रसेनजित फोन टेबलावर ठेवतो आणि स्पीकर लावतो. अनुपमा भाजी चिरता चिरता सासऱ्यांची तब्येत विचारते. छकुली ‘हाय आजोबा’ म्हणून पळते. माझी पाळी येते तेव्हा मी ‘जेवलात का’ एवढंच विचारते. मुलगा-सून-नात बसलेली असताना म्हाताऱ्या बायकोने नवऱ्याला आणखी काय विचारायचं? म्हणून लिहिते आहे. तसंही कराचे कागद पाठवायचेच आहेत, त्याच पाकिटात हेही जाईल.

इकडे कर भरायची शेवटची तारीख तीस एप्रिल. दरवर्षी तुम्ही आणि प्रसेनजित जेवणाच्या टेबलावर कागद पसरून दोघांचंही भरत होतात. मला फक्त तुम्ही पेन्सिलने फुली केलेल्या जागी सही करायची असे. यंदा प्रसेनजितची नोकरी नवी आहे, त्याला सवड नाही. त्याने कर भरून देणारी एक बाई शोधली आहे. फिलिपिन्सची आहे, मोठी हसरी. तुमच्या पेन्शनवर तिकडे कापलेल्या कराचा कागद आणि बँकेच्या व्याजाचा कागद तिने मागितला आहे.

आणि तुम्ही परत कधी येताय, हेही तिने विचारलं. मी म्हटलं, येतील. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला म्हणून गेलात. तो आता मोबाइलवरही देता येतो असं पोरगा सांगत होता, तर तुम्ही म्हणालात, “माणूस जिता आहे का मेला, हे मोबाइलनं सांगायचं का? मी स्वतः बँकेत उभा राहतो.” बरं, राहिलात उभे. पेन्शन चालू राहिली. जानेवारीचं परतीचं तिकीट होतं, ते घराच्या कामासाठी रद्द केलंत. कसलं काम, ते काही सांगितलं नाहीत.

थंडी फार आहे. तळघरातल्या आपल्या खोलीची खिडकी बर्फाने अर्धी बुजली आहे, दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. तुमची खुर्ची अनुपमाने वरच्या खोलीत नेली, पाहुण्यांना कमी पडत होती म्हणून.

कागद लवकर पाठवा. पत्राचं उत्तरही.

तुमची,
सिंधू

•

देऊळगाव राजा
९ मार्च २०२४

प्रिय सिंधू,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने “सर, परदेशातून आलंय” असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मलाही बरं वाटलं.

सोबत फॉर्म सोळा, बँकेचं व्याजपत्र आणि घरपट्टीची पावती जोडली आहे. प्रत्येकाच्या दोन-दोन साक्षांकित प्रती आहेत. शिक्का निळ्या शाईचा, गोल आणि ठसठशीत उमटला आहे. मी उन्हात धरून पाहिला. घरपट्टी त्या बाईने मागितली नव्हती, पण असू दे. आपलं स्वतःचं घर आहे, एवढं त्या लोकांना कळलेलं बरं.

त्या बाईला एवढं समजावून सांग की आपलं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि त्यांचं जानेवारीला. त्यामुळे पेन्शनच्या आपल्या एका वर्षाचे दोन तुकडे करून त्यांच्या दोन वर्षांत घालावे लागतात. मी समासात पेन्सिलने बेरजा करून ठेवल्या आहेत. तू गणितात कधीच कच्ची नव्हतीस, फक्त कंटाळतेस.

आता घराचं काम. सांगायचं नव्हतं, तू आल्यावर तुलाच दिसावं असं मनात होतं. पण तू विचारलंस म्हणून सांगतो. स्वयंपाकाचा ओटा चार बोटं उंच करून घेतला, तुला वाकून कंबर धरते म्हणून. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. भिंतींना फिकट पोपटी रंग दिला आहे. पुढच्या खोलीचा रंग तेवढा बाकी आहे.

माझं छान चाललं आहे. सकाळी विहारापर्यंत फेरी. दुपारी पेपर. संध्याकाळी हिंमतराव येतो. एसटीतला कंट्रोलर तो, रिटायर झाला तरी अजून कोणती गाडी किती उशिरा धावते याचाच हिशेब सांगत बसतो. आम्ही दोघं व्हरांड्यात अंधार पडेपर्यंत बसतो. माणसांत असल्यासारखं वाटतं. डबा शालूबाई देते. तुझ्या नोकरीच्या गावची, बीबीचीच आहे ती. रोज विचारते, “काऊन हो सर, सिस्टर येऊन राह्यल्या की नाई? माह्या हातचं बेसन किती दिवस खासाल?” तिच्या पोराच्या जन्माच्या वेळी तूच होतीस म्हणे. तुझं नाव काढलं की डब्यात एक पोळी जास्त टाकते.

परत येण्याचं म्हणशील, तर आधी रंगकाम उरकू दे.

तुझा,
माणिक

•

विनिपेग
३० मार्च २०२४

सर,

जय भीम.

कागद मिळाले. काल त्या बाईकडे जाऊन आले. प्रसेनजित सोडून गेला, थांबला नाही, म्हणून माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं मीच बोलले. तिने तुमच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “फार सुंदर आहे, पण मला मोबाइलवर फोटो पाठवला असता तरी चाललं असतं.” मला हसू आलं. मग तुमची आठवण आली.

ओट्याचं वाचून बरं वाटलं. दांड्याचंही. पण सर, परत कधी येताय या प्रश्नाला तुम्ही रंगाचं उत्तर दिलंत.

आता नीट वाचा. तुमची एक मोठी चूक निघाली आहे. आपण इकडे आल्यापासून दरवर्षी तिकडच्या कराच्या फॉर्ममध्ये तुम्ही ‘भारतात रहिवासी’ अशी खूण करत आलात. आणि इकडच्या फॉर्ममध्ये ‘कॅनडात रहिवासी’. ती बाई चष्मा काढून माझ्याकडे पाहायलाच लागली. म्हणाली, माणूस एका वर्षात दोन्ही देशांत राहतो कसा? मला लगेच कळलं तुमचं काय झालं ते. नोकरीत असताना शाळेच्या गावी राहत असल्याचा दाखला तुम्ही दरवर्षी जोडत होतात आणि राहत होतात देऊळगाव राजाला. कागदावरचा मुक्काम वेगळा आणि झोपायचं घर वेगळं, हे तुमच्या अंगवळणीच पडलं आहे. ते मी तिला इंग्रजीत कसं सांगणार? ‘शिक्षक होते’ एवढंच सांगितलं. मागचं सगळं दुरुस्त करता येईल म्हणाली. तिकडे जालन्याच्या सीएला दाखवा.

खरी अडचण पुढची आहे. तुम्ही नोव्हेंबरात गेलात ते परत आला नाहीत. मग तुम्ही हा देश सोडलात का, आणि सोडला असेल तर कोणत्या तारखेला, हे फॉर्ममध्ये लिहावं लागतं. मी म्हटलं, सोडला असेल. तर ती म्हणाली, “पण तुम्ही तर इथे आहात.” इथले कायदेवाले म्हणे आधी बायको कुठे आहे ते पाहतात. बायको इथे राहिली तर नवरा गेला, हे सहजासहजी मानत नाहीत. बायको आणि नवरा वेगळे झाले असतील तर गोष्ट निराळी.

मग तिने चौकटी दाखवल्या. विवाहित. विधवा. घटस्फोटित. विभक्त. तिने अगदी मऊ आवाजात विचारलं, “तुम्ही दोघं लांब राहता ते काही कामामुळे, की पटत नाही म्हणून?” हे सगळ्यांनाच विचारावं लागतं, असंही म्हणाली.

मी तिच्या टेबलावरच्या पेनांकडे पाहत बसले. नोकरीत मी किती बायकांना काय काय विचारलं असेल, शेवटची पाळी कधी आली, मूल कुणाचं, नवरा मारतो का. मला कधी संकोच वाटला नाही. काल वाटला. शेवटी म्हटलं, त्यांना विचारून सांगते.

म्हणून विचारते. सर, तुम्ही परत येणार आहात का? मी कोणत्या चौकटीत खूण करू?

सिंधू

•

देऊळगाव राजा
१५ एप्रिल २०२४

प्रिय सिंधू,

सप्रेम जय भीम.

काल जयंती झाली. मिरवणूक मोठी होती. मी चौकापर्यंत गेलो आणि कडेला उभा राहिलो. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता टक्कल पडलेली, पोट सुटलेली. येऊन पाया पडत होती. “सर, तुमी इकडंच ऱ्हायला आलात का आता?” असं एकाने विचारलं. मी हो म्हणालो. तू म्हणशील, हेच मला का कळवलं नाहीत. तर कळवतो आहे.

रहिवासाच्या चुकीचं मान्य. जालन्याला जाऊन आलो, दुरुस्तीचं काम सुरू आहे. पण त्या बाईने घातलेला घोळ तितका मोठा नाही. भारत आणि कॅनडा यांच्यात करार आहे. माणूस दोन्हीकडचा ठरत असेल तर करारात सरळ विचारलं आहे की त्याचं कायमचं घर कुठे आहे. घर दोन्हीकडे असेल तर त्याचे जवळचे संबंध कुठे आहेत ते पाहायचं. इतका समजूतदार प्रश्न मला सरकारी कागदात यापूर्वी कधी आढळला नव्हता. आपलं उत्तर तयार आहे. घर देऊळगाव राजाला, संबंध इथले, माणसं इथली. दोघांचंही तेच लिही आणि तू मे महिन्यात निघ. सुट्ट्या लागल्या की तिकिटं महागतात.

तू तिथे तळघरात कसे दिवस काढतेस, ते मला कळत नाही असं समजू नकोस. दिवसा दिवा लावून बसणारी बाई तू नव्हेस. पोराला वाईट वाटेल म्हणून तू बोलत नाहीस. त्याला मी फोनवर सांगतो. छकुली आता मोठी झाली, शाळेतून आपली आपण घरी येते. तुझी तिथली ड्यूटी संपली, सिस्टर. बदलीचा अर्ज करावा लागत नाही, नुसतं निघायचं आहे.

त्या बाईच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्यासारखं काही नाही. विवाहित लिही. पटत नाही असं कोण म्हणतं? आपण कधी भांडलो?

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
माणिक

•

विनिपेग
२९ एप्रिल २०२४

सर,

जय भीम.

‘आपण कधी भांडलो’ हे वाचलं आणि पत्र घडी करून उशीखाली सारलं. लगेच उत्तर लिहिलं असतं तर वेडंवाकडं लिहिलं असतं.

भांडायला एका घरात राहावं लागतं. नोकरीभर मी बीबीच्या क्वार्टरमध्ये. बाळंतीण काही वेळ पाहून येत नाही, त्यामुळे मला खरोखरच नेमणुकीच्या गावी राहावं लागलं. तुम्ही प्रसेनजितच्या शाळेसाठी देऊळगाव राजाला. शनिवारच्या गाडीने मी यायची, सोमवारी पहाटे जायची. मधला रविवार दळणात, धुण्यात आणि पोराच्या अभ्यासात जायचा. रिटायर झालो, आणि लगेच इकडे आलो. आपण दोघं एका खोलीत सलग राहिलो ते इथेच, या तळघरात. तुम्ही पलंगाच्या काठाला बसून पेपर मोठ्याने वाचायचात, मी विणायला बसायची. मला वाटायचं, आता कुठे आपलं लग्न झालं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, ही माझी चूक असेल.

पण मी दिवस काढत नाही. इथे जवळच म्हाताऱ्यांचं एक केंद्र आहे. तुम्ही असताना मी मंगळवारी जायची, तुम्ही ‘कुठं जातेस’ असं कधी विचारलं नाही. आता रोज जाते. पगार नाही, पण काम आहे. कुणाची नखं काप, कुणाला धरून फिरव, कुणी जेवत नसेल तर शेजारी बस. युक्रेनची एक आजी आहे, ती कुणालाच ओळखत नाही, मुलालाही नाही. मला पाहिलं की हात पुढे करते. सगळे मला ‘सिस्टर’ म्हणतात. परवा एक म्हातारा पडला, तर डॉक्टर येईपर्यंत त्याला कसं ठेवायचं ते मी सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. देऊळगाव राजाला आले तर मी सरांची बायको. इथे मी कुणाची काय आहे, हे कुणाला माहीतसुद्धा नाही. मला ते गोड लागतं सर. लिहितानाही लाज वाटते, पण गोड लागतं.

म्हणून मी मे महिन्यात येत नाही. पुढेही येईन असं वाटत नाही. ओटा कितीही उंच केलात तरी तिथे मी एकटी उभी असणार, आणि तुम्ही व्हरांड्यात हिंमतरावांबरोबर.

काल कर भरला. विवाहित अशीच खूण केली. देश सोडल्याची तारीख तुमच्या विमानाची लिहिली. तुम्ही त्याच्या किती आधी गेला होतात, ते फॉर्ममध्ये मावत नाही. मला वाटतं, तुम्ही पेपर मोठ्याने वाचायचं थांबवलंत तेव्हाच गेलात. मी विचारलं होतं, “काहून, आज मले नाही वाचून दाखवत?” तुम्ही म्हणालात, डोळे दुखतात.

शेवटी तो करारातला प्रश्न आला. त्या कराच्या बाईने विचारलं, “यांचं कायमचं घर तिकडे आहे. इथे आहे का?” मी म्हटलं, मुलाच्या घरात आमची एक खोली आहे. ती म्हणाली, “ती खोली त्यांचं घर आहे, असं तुम्ही म्हणाल का?” तुम्ही एका ओळीत ‘येतो’ लिहिलं असतं ना, तर मी हो म्हटलं असतं. मी नाही म्हटलं. त्यांचं घर इथे नाही, असं मी माझ्या तोंडाने सांगितलं आणि तिने टिपून घेतलं.

मग ती खूश झाली. म्हणाली, “आता तुमच्या नवऱ्याचं अगदी सोपं झालं. यापुढे त्यांना दोन देशांत भरायची गरज नाही.” मी थँक यू म्हटलं आणि बाहेर येऊन बसस्टॉपवर खूप रडले. इथे कुणी काही विचारत नाही, ते एक बरं आहे.

सिंधू

•

देऊळगाव राजा
१० जून २०२४

प्रिय सिंधू,

सप्रेम जय भीम.

फोनवर आपण दोघंही काही झालंच नाही असे बोलत राहिलो. ‘जेवलात का’ विचारलंस, मी ‘हो’ म्हणालो. उत्तर लिहायला उशीर झाला याचं कारण असं की लिहिलेलं प्रत्येक पत्र मला एखाद्या खुलाशासारखं वाटत होतं. वरिष्ठांना पाठवतात तसल्या. ती सगळी फाडली.

हिंमतराव व्हरांड्यात नसतो. मी आलो तेव्हाच त्याच्या दाराला कुलूप होतं. मुलीने त्याला आपल्याकडे नेलं, त्याला आता नीट ऐकूही येत नाही. तुला काळजी वाटू नये म्हणून तो येतो असं लिहिलं, आणि एकदा लिहिल्यावर मलाही ते खरं वाटायला लागलं. मी संध्याकाळी दोन खुर्च्या बाहेर काढतो. गेल्या आठवड्यात शालूबाईने पाहिलं. म्हणाली, “सर, दुसरी खुर्ची कोनासाठी मांडून राह्यले?” मी म्हणालो, येईल कुणी. ती डबा ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या सासूला पाठवलं माझ्याशी बोलायला.

तू पेपरचं लिहिलंस ते बरोबर आहे. डोळे दुखत नव्हते. त्या सकाळी मी छकुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला गेलो होतो. तिच्या वर्गातल्या मुली तिथे उभ्या होत्या. मी त्यांना माझ्या इंग्रजीत नावं विचारली, कोणता धडा चालू आहे ते विचारलं. मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. छकुलीने माझा हात हलकेच सोडला आणि म्हणाली, “आजोबा, उद्यापासून तुम्ही थोडे मागे उभे राहाल का?” तिचा राग नाही मला, लेकरूच ते. पण सिंधू, मी वर्गात पाऊल टाकलं की पोरं उठून उभी राहायची. त्या देशात मी मागे उभा राहायचा माणूस झालो. मग घरातही आपोआप मागे सरकत गेलो. तुझ्यासमोर मोठ्याने वाचायचीही लाज वाटू लागली. हे तुला सांगितलं असतं तर तू काहीतरी केलं असतंस. तेच मला नको होतं.

आणि तुझं मंगळवारचं. तू कुठे जातेस हे मी विचारलं नाही, कारण तू परत येताना हसत यायचीस. मला भीती वाटायची की विचारलं तर त्याचं उत्तर माझ्याशिवायचं असेल. ते तसंच होतं.

परवा बँकेत गेलो होतो. खात्यावर माझ्या जोडीला तुझं नाव आहे, त्यांना पत्ता नवा करायचा होता. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, “मॅडम कुठं असतात सर?” मी म्हणालो, परदेशात. “मग कधी येणारेत?” आजवर मी या प्रश्नाला रंगकाम, तिकिटं, उन्हाळा अशी उत्तरं दिली. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, नाही येणार. पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो. पोरगी चपापली. तिने पाणी मागवलं. मला रडू आलं होतं सिंधू, मागे रांग असताना.

मी तुला इकडे ये म्हणणार नाही. तुला तिथे नाव मिळालं आहे, ते मी कसं सोडायला सांगू? आणि मी तिकडे राहायला येऊ शकत नाही. प्रयत्न करीन असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. मला त्या देशात उभं राहता येत नाही.

मात्र एक विचारतो. मी पाहुणा म्हणून आलो तर चालेल का? थोडे दिवस. तू केंद्रात गेलीस की मी खोलीत वाचत बसेन.

तुझा,
माणिक

•

विनिपेग
२१ जुलै २०२४

सर,

जय भीम.

तुमचं पत्र मी केंद्रात नेऊन वाचलं. युक्रेनच्या आजीच्या शेजारी बसून. तिला मराठी कळत नाही, म्हणून तिला सगळं वाचून दाखवलं. ती मान हलवत होती.

छकुलीला मी काहीच बोलले नाही, तिला आठवतही नसेल. प्रसेनजितला मात्र सांगितलं. तो उठून गाडी धुवायला गेला. तुमच्यासारखाच आहे. संध्याकाळी त्याने तुमची खुर्ची खाली आणून ठेवली.

चालेल का म्हणून काय विचारता? मी इथे दिवसभर दुसऱ्यांची म्हातारी माणसं धरून चालवते आणि रात्री वाटतं, आपला माणूस एकटाच बाहेर बसला असेल. पण मी येत नाही. दोन्ही खरं आहे. यातलं एक खोटं ठरवायचा मी फार प्रयत्न केला.

आता कामाचं. तिकडची शेवटची तारीख एकतीस जुलै आहे. माझ्या सहीचे कागद कुरिअरने आधीच पाठवले आहेत. तुमच्याकडच्या, इथे कायम राहण्याच्या कार्डाची मुदत संपत आली आहे. प्रसेनजितने चौकशी केली. भेटीचा व्हिसा हवा असेल तर आधी कायम राहण्याचा हक्क सोडतो असं तुम्हाला लिहून द्यावं लागतं. त्याचा फॉर्म सोबत आहे. सही करण्याआधी दोनदा वाचा.

व्हिसासाठी इथल्या माणसाचं निमंत्रणपत्रही लागतं. प्रसेनजित लिहून देणार होता, मुलाने लिहिलं तर बरं दिसतं म्हणाला. मी म्हटलं, पाहुणा माझा आहे, मी लिहीन. इंग्रजीत पाठवायचं आहे, पण आधी मराठीत लिहून काढलं. इंग्रजीत काहीही लिहून जाते मी, त्याचं काही वाटत नाही. तुम्ही एकदा नजर टाका आणि काही चुकलं असेल तर सांगा.

तुमची,
सिंधू

प्रति,
व्हिसा अधिकारी.

मी, सिंधू माणिकराव अंभोरे, निवृत्त परिचारिका, राहणार विनिपेग, माझे पती श्री. माणिकराव अंभोरे, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार देऊळगाव राजा, जिल्हा बुलढाणा, यांना सहा आठवड्यांसाठी माझ्याकडे भेटीला बोलावत आहे. आमचं लग्न झालेलं आहे आणि ते टिकून आहे.

भेटीचं कारण एकमेकांना भेटणं, एवढंच आहे.

ते माझ्या खोलीत राहतील. त्यांच्या जेवणाखाणाचा आणि औषधपाण्याचा खर्च मी करीन. ते इथे नोकरी करणार नाहीत. त्यांचं कायमचं घर देऊळगाव राजा येथे आहे, आणि इथे कायम राहण्याचा त्यांचा विचार नाही, हे मला माहीत आहे.

मुदत संपली की ते परत जातील, याची मी, त्यांची पत्नी, हमी देते.